डुकरांच्या खाद्यातल्या प्रोबायोटिकमागचा माणूस : इल्या मेचनिकॉफ यांची गोष्ट

कोल्हापूर : तालुक्याच्या गावात पशुखाद्याच्या दुकानात गेलं की आता प्रोबायोटिकची पुडी हमखास दिसते. आधी ती कोंबड्यांसाठी आली, मग गाई-म्हशींसाठी आणि आता डुकरांसाठीही मिळते. पुडीवर लॅक्टोबॅसिलस, बॅसिलस, यीस्ट अशी नावं असतात. दुकानदार सांगतो, खाद्यात मिसळा, पिल्लांची हगवण थांबेल, वजन वाढेल. दोन-चार माद्या पाळणारा माणूस विचारात पडतो. पैसे घालावेत का? ह्या पावडरीत नेमकं आहे तरी काय?

ह्या प्रश्नाचं मूळ शंभर-सव्वाशे वर्षं मागं जातं. पोटातले काही जंतू आपले वैरी असतात तसे काही सोबतीही असतात, आणि सोबत्यांची संख्या आपण खाण्यातून वाढवू शकतो, हा विचार जगापुढं ठामपणे मांडला तो इल्या मेचनिकॉफ ह्या शास्त्रज्ञानं. १५ जुलै ही त्यांची पुण्यतिथी. त्यांचं आयुष्य म्हणजे हट्ट, दुःख, चुका आणि शोध यांची एक लांबलचक कहाणी आहे. ती समजली की पुडीवर काय लिहिलंय आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा, हेही समजायला सोपं जातं.

खेड्यात वाढलेला पोरगा

मेचनिकॉफ यांचा जन्म मे १८४५ मधला. खारकीव्ह शहराजवळच्या खेड्यातला. हा भाग आज युक्रेन देशात आहे, तेव्हा रशियाच्या झारच्या राज्यात होता. वडील सैन्यात अधिकारी होते, नंतर गावाकडच्या जमिनीवर येऊन राहिले. पाच भावंडांत इल्या सगळ्यात धाकटा. लहानपणापासून झाडं, किडे, बेडूक गोळा करायचं वेड. घरातल्या आणि गल्लीतल्या पोरांना समोर बसवून तो त्यांना निसर्गाचे धडे द्यायचा.

खारकीव्हच्या विद्यापीठात चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यानं दोन वर्षांत संपवला. मग जर्मनी, इटली असं फिरत समुद्रातल्या बारीक प्राण्यांचा अभ्यास केला. वयाच्या बाविसाव्या वर्षी तो ओडेसा शहराच्या विद्यापीठात शिकवायला लागला. समोर बसलेले काही विद्यार्थी त्याच्यापेक्षा वयानं मोठे होते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. मेचनिकॉफ डॉक्टर नव्हते. ते प्राण्यांचा अभ्यास करणारे होते. पुढं आयुष्यभर डॉक्टर मंडळींनी त्यांना हे ऐकवलं. पण प्राण्यांकडं बघायची सवय होती म्हणूनच जे डॉक्टरांना दिसलं नाही ते त्यांना दिसलं.

दोनदा मरणाच्या दारातून परत

१८६९ मध्ये त्यांचं पहिलं लग्न झालं. नवरी लुडमिला क्षयानं इतकी खंगलेली होती की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. पुढची चार वर्षं तिला जगवण्यासाठी मेचनिकॉफ धडपडले. गरम हवेच्या ठिकाणी नेलं, पैशासाठी रात्रंदिवस काम केलं, डोळे बिघडवून घेतले. १८७३ मध्ये मदेरा बेटावर ती गेली. मेचनिकॉफ यांनी अफूपासून काढलेलं मॉर्फिन मोठ्या प्रमाणात घेतलं. पण मात्रा इतकी जास्त झाली की उलटी झाली आणि ते वाचले.

१८७५ मध्ये त्यांनी ओल्गा हिच्याशी लग्न केलं. ती त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मोठ्या कुटुंबातली मुलगी. ह्या बाईंनी पुढं चाळीस वर्षं त्यांना साथ दिली, प्रयोगशाळेतही हात लावला आणि त्यांच्यामागं त्यांचं चरित्रही लिहिलं. पण १८८० मध्ये ओल्गांना टायफॉइड झाला. त्या मरता मरता वाचल्या. मेचनिकॉफ पुन्हा खचले. त्यांनी स्वतःला उलटतापाच्या रोग्याचं रक्त टोचून घेतलं. मरायचं तर आहेच, पण मरताना हा रोग रक्तातून लागतो का ते तरी कळू दे, असा हिशेब. भयंकर आजारी पडले, पण ह्याही वेळी वाचले. आणि उठले ते जगण्याची ओढ घेऊनच उठले. त्यानंतर त्यांनी कधी मागं वळून बघितलं नाही.

काटा रुतला की काय होतं?

१८८१ मध्ये रशियात झारचा खून झाला. सरकारनं विद्यापीठांवर दडपण आणलं. मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये राजीनामा दिला आणि बायको व तिच्या धाकट्या भावंडांना घेऊन इटलीतल्या मेसिना ह्या बंदराच्या गावी राहायला गेले.

तिथं एक दिवस घरची सगळी मंडळी सर्कस बघायला गेली. मेचनिकॉफ एकटेच सूक्ष्मदर्शकातून तारामाशाची पारदर्शक पिल्लं बघत बसले होते. त्यांच्या अंगात काही पेशी इकडून तिकडं फिरताना दिसत होत्या. मनात आलं, ह्या पेशी अंगात घुसलेल्या परक्या वस्तूवर चाल करून जात असतील का? आपल्या पायात काटा रुतला की त्याभोवती पू होतो, तसंच काहीसं? ते बागेत गेले, गुलाबाचे काटे तोडून आणले आणि त्या पिल्लांच्या अंगात खुपसले. रात्रभर झोप लागली नाही. पहाटे बघतात तर काय, काट्याभोवती पेशींचा वेढा पडलेला.

शरीरात जंतू शिरला की काही पेशी त्याच्यावर धावून जातात आणि त्याला गिळतात, हा शोध तिथं लागला. ह्या भक्षक पेशींना पुढं फॅगोसाइट हे नाव मिळालं. आज रक्त तपासणीच्या कागदावर पांढऱ्या पेशींचा आकडा असतो ना, त्यातल्या बऱ्याच पेशी हेच काम करणाऱ्या असतात. माणसात, म्हशीत, डुकरात, सगळीकडं.

जर्मनीतल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, जंतू मारणारं जे काही आहे ते रक्ताच्या पाण्यात आहे, पेशींत नाही. हा वाद पंचवीस वर्षं चालला. शेवटी दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर निघाल्या. १९०८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि जर्मनीचे पॉल एर्लिश यांना मिळून देण्यात आलं. आपल्याकडं शाहू महाराजांनी राधानगरी धरणाचं काम हाती घेतलं, तो साधारण हाच काळ.

हजारो मेंढ्या मेल्या तेव्हा

१८८६ मध्ये ओडेसात रशियातलं पहिलं जंतुशास्त्र केंद्र निघालं आणि मेचनिकॉफ त्याचे प्रमुख झाले. पिसाळलेलं कुत्रं चावलेल्यांना लस टोचायची, शेतकऱ्यांच्या मेंढ्यांना फाशी रोगाची, म्हणजे अँथ्रॅक्सची, लस द्यायची, असं काम होतं. आजूबाजूचे डॉक्टर नाराज होते. डॉक्टर नसलेला माणूस प्रमुख कसा, ही त्यांची तक्रार.

१८८८ मध्ये मेचनिकॉफ रजेवर असताना केंद्रातल्या सहकाऱ्यांनी एका मोठ्या जमीनदाराच्या कळपाला अँथ्रॅक्सची लस दिली. लसीत काहीतरी बिघडलं होतं. काही दिवसांत हजारो मेंढ्या मेल्या. ज्या लसीनं जनावरं वाचायची तिनंच मारली. मेचनिकॉफ यांनी टोचलं नव्हतं, पण केंद्र त्यांचं होतं. त्यांनी ते केंद्र सोडलं आणि पॅरिस गाठलं.

आपल्या भागातल्या पशुपालकांसाठी ह्या प्रसंगात मोठा धडा आहे. लस असो, औषध असो की जिवंत जंतूंची पावडर असो, चीज चांगली असून भागत नाही. ती कशी बनवली, कशी साठवली, कुणी आणि कधी दिली, यावर सगळं अवलंबून असतं.

पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी त्यांना आपल्या नव्या संस्थेत प्रयोगशाळा दिली. पुढची अठ्ठावीस वर्षं, मरेपर्यंत, मेचनिकॉफ तिथंच राहिले.

शिष्य मुंबईत आला

ओडेसात मेचनिकॉफ यांचा एक विद्यार्थी होता, वाल्डेमार हाफकिन. ज्यू असल्यामुळं आणि झारविरोधी चळवळीत असल्यामुळं त्याला रशियात नोकरी मिळणं अवघड झालं. गुरूच्या आधारानं तोही पाश्चर संस्थेत आला. सुरुवातीला ग्रंथालयात काम केलं, मग पटकीची लस शोधली आणि १८९३ मध्ये भारतात आला.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्या खोलीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. मुंबई-पुण्यात, आपल्या कोल्हापूर संस्थानातही प्लेगनं माणसं पटापट मरत होती. गावं ओस पडली होती, लोक माळावर झोपड्या घालून राहत होते. जुन्या घरांत अजूनही ह्या आठवणी सांगितल्या जातात. मुंबईत परळला उभी असलेली हाफकिन संस्था ही त्याच माणसाच्या नावाची. म्हणजे मेचनिकॉफ यांचा धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत असा येऊन पोचतो.

पटकीचे जंतू प्यायलेला शास्त्रज्ञ

१८९२ मध्ये फ्रान्समध्ये पटकी, म्हणजे कॉलरा, पसरला होता. एकाच घरातली दोन माणसं तेच पाणी पितात, मग एकाला पटकी होते आणि दुसऱ्याला का होत नाही? हे शोधण्यासाठी मेचनिकॉफ यांनी पटकीचे जिवंत जंतू स्वतः पिऊन टाकले. त्यांना काही झालं नाही. मग एका सहायकानं प्यायले, त्यालाही काही झालं नाही. पुढं आणखी एका तरुणानं प्यायले, तो मात्र मरणाच्या दारात जाऊन परत आला. असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

पण त्यातून एक प्रश्न उभा राहिला. जंतू तोच, मग फरक कुठं पडला? मेचनिकॉफ यांना वाटलं, फरक आतड्यात आधीपासून राहणाऱ्या जंतूंमुळं पडला असावा. त्यांनी काचेच्या बशीत पटकीचे जंतू वेगवेगळ्या जंतूंच्या शेजारी वाढवून बघितले. काही शेजारी पटकीच्या जंतूला वाढायला मदत करत होते, तर काही त्याला वाढूच देत नव्हते.

शेतात जसं असतं तसंच हे. रान मोकळं पडलं की तण माजतं. पीक दाट उभं असलं की तणाला जागा मिळत नाही. आतड्याचं रानही तसंच आहे.

दूध नासतं आणि दूध विरजतं

आपल्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत. दूध नासतं आणि दूध विरजतं. दोन्हीकडं काम जंतूंचंच, पण एक फेकून द्यायचं आणि दुसरं ताटात घ्यायचं. मेचनिकॉफ यांचा पुढचा सगळा विचार ह्या फरकावर उभा आहे.

त्यांचं म्हणणं असं होतं. मोठ्या आतड्यात सडवणारे जंतू असतात. ते विषारी पदार्थ तयार करतात, ते रक्तात जातात आणि माणूस लवकर म्हातारा होतो. हे सडवणारे जंतू आंबट जागी टिकत नाहीत. विरजणाचे जंतू दुधातल्या साखरेपासून आम्ल बनवतात, म्हणून दही सडत नाही. मग तेच जंतू पोटात घातले तर? बल्गेरिया देशातले खेडूत रोज दही खातात आणि पुष्कळ वर्षं जगतात असं त्यांच्या कानावर आलं होतं. १९०५ मध्ये स्तामेन ग्रिगोरोव्ह ह्या बल्गेरियन तरुणानं जिनिव्हात त्या दह्यातला एक जंतू वेगळा काढला. आज त्याला लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस म्हणतात. बाजारात मिळणाऱ्या योगर्टमध्ये तोच असतो.

मेचनिकॉफ यांनी १९०४ मध्ये पॅरिसमध्ये म्हातारपणावर व्याख्यान दिलं आणि १९०७ मध्ये पुस्तक काढलं. युरोप-अमेरिकेत दह्याची लाटच आली. औषधाच्या दुकानांत विरजणाच्या गोळ्या विकायला आल्या. प्रत्येक रोगावर दही, अशा जाहिराती सुरू झाल्या. मेचनिकॉफ यांनी जे सावधपणे मांडलं होतं त्याचा बाजारानं गाजावाजा केला. आपल्याकडं आजही नव्या पावडरीचं असंच होतं, नाही का?

ते स्वतः रोज आंबवलेलं दूध घ्यायचे, कच्चं काही खायचे नाहीत, दारू-तंबाखूपासून लांब राहायचे. पण पहिल्या महायुद्धानं त्यांची प्रयोगशाळा ओस पडली, तरुण सहकारी आघाडीवर गेले. हृदयाचा त्रास वाढला आणि १५ जुलै १९१६ रोजी, एकाहत्तराव्या वर्षी, ते गेले. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत. दही खाऊन शंभरी गाठण्याची भाषा करणारा माणूस एकाहत्तरीत गेला म्हणून पेपरवाल्यांनी टिंगल केली. त्यांची बरीच भावंडं त्याआधीच कमी वयात गेली होती, हे मात्र कुणी फारसं सांगितलं नाही.

चूक कुठं झाली, बरोबर काय निघालं

पुढं १९२० च्या दशकात अमेरिकेत तपासणी झाली तेव्हा दिसलं की दह्यातला तो बल्गेरियन जंतू आतड्यात मुक्काम करत नाही. आला तसा निघून जातो. म्हातारपण सडक्या आतड्यामुळं येतं, हा विचारही तसाच्या तसा टिकला नाही. म्हणजे तपशिलात मेचनिकॉफ चुकले.

पण मूळ गोष्ट खरी निघाली. आतड्यात जंतूंची वस्ती असते, चांगल्या-वाईटाची तिथं चढाओढ चालते आणि खाण्यातून त्या चढाओढीत हात घालता येतो. जपानमध्ये मिनोरू शिरोटा यांनी १९३० मध्ये आतड्यात तग धरणारा जंतू वाढवला आणि त्यातून याकुल्ट हे पेय निघालं.

गोठ्यात आणि डुकरांच्या वाड्यात हा विचार कसा आला

मधल्या काळात वेगळंच घडलं. १९५० च्या सुमारास अमेरिकेत लक्षात आलं की कोंबड्यांच्या आणि डुकरांच्या खाद्यात अँटिबायोटिक थोडं थोडं मिसळलं तर ती लवकर वाढतात. जगभर हा प्रकार सुरू झाला. स्वस्तात वजन मिळत होतं. पण रोज थोडं थोडं औषध खाल्ल्यामुळं जंतू त्या औषधाला सरावले. मग जनावर खरंच आजारी पडलं तरी औषध लागू पडेना, आणि तेच सरावलेले जंतू माणसांपर्यंत पोचायला लागले.

स्वीडननं १९८६ मध्ये वाढीसाठी असं औषध खाद्यात घालायला बंदी केली. युरोपियन संघानं १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंद केलं. २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांत असा जंतू सापडला, ज्याच्यावर कोलिस्टिन हे शेवटचं हत्यार मानलं जाणारं औषधही चालत नव्हतं, आणि तो गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडं जात होता. भारत सरकारनं २०१९ मध्ये कोंबड्या, मासे आणि खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना कोलिस्टिन द्यायला बंदी घातली.

खाद्यातलं औषध बंद करायचं तर त्याच्या जागी काय? तेव्हा शास्त्रज्ञांना मेचनिकॉफ आठवले. गंमत बघा, प्रोबायोटिक शब्दाला आजचा अर्थ मिळाला तो जनावरांच्या खाद्यावरूनच. १९७४ मध्ये पार्कर आणि १९८९ मध्ये ब्रिटनचे रॉय फुलर यांनी त्याची व्याख्या केली ती पशुखाद्याच्या संदर्भात : जनावराच्या आतड्यातला जंतूंचा तोल सुधारणारं, खाद्यातून द्यायचं जिवंत जंतूंचं पूरक.

पिल्लाच्या पोटात काय घडतं?

डुकराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या आतड्यात जंतूंची वस्ती जवळजवळ नसतेच. आईच्या अंगावरून, शेणावरून, जमिनीवरून ती पहिल्या दिवसापासून बसायला लागते. दूध पीत असेपर्यंत दुधातल्या साखरेवर लॅक्टोबॅसिलस वाढतात, आम्ल तयार होतं आणि पोट सांभाळलं जातं.

खरी कसोटी दूध तोडल्यावर येते. आई सुटली, जागा बदलली, दुसरी पिल्लं शेजारी आली आणि दुधाऐवजी मक्याचा भरडा, सोयाबीन पेंड, कोंडा समोर आला. लहान पिल्लाच्या पोटात अजून आम्ल नीट तयार होत नाही. आतड्याचं अस्तर खराब होतं, न पचलेलं खाद्य खाली उतरतं आणि ई-कोलाय जंतूला रान मोकळं मिळतं. पहिल्या एक-दोन आठवड्यांत पातळ हगवण लागते, पिल्लू सुकतं, डोळे आत जातात आणि मरतं. ज्याच्याकडं दोनच माद्या आहेत त्याची एक वीत अशी गेली तर वर्षाचा हिशेबच कोलमडतो.

प्रोबायोटिकचा उपयोग सगळ्यात जास्त ह्याच वेळी होतो. चांगले जंतू जागा धरतात, आम्ल करतात, वाईटाला खाणं मिळू देत नाहीत. व्यायच्या आधी आणि नंतर काही आठवडे मादीलाही दिलं तर तिच्या शेणातून चांगले जंतू पिल्लांपर्यंत जातात. मोठ्या झालेल्या डुकरांत मात्र फायदा कमी दिसतो. प्रत्येक प्रयोगात फायदा दिसलाच असंही नाही. कुठला जंतू, किती आणि कुठल्या परिस्थितीत, यावर ते ठरतं.

वराहपालकांनी ध्यानात ठेवायच्या गोष्टी

१. पुडीवर जंतूचं पूर्ण नाव, एका ग्रॅममध्ये जिवंत जंतू किती (सीएफयू), बनवल्याची आणि मुदत संपल्याची तारीख हे असलंच पाहिजे. नुसतं प्रोबायोटिक असं लिहिलेली पुडी घेऊ नका.

२. लॅक्टोबॅसिलस उष्णतेनं मरतो. उन्हात, पत्र्याखाली ठेवलेली पुडी म्हणजे नुसती पावडर. बॅसिलस जातीचे जंतू बीजासारख्या कवचात असतात, ते उष्णता जास्त सोसतात. गोळी खाद्यात म्हणून बहुतेक तेच वापरतात.

३. हॉटेलचं उरलेलं अन्न चांगलं उकळूनच द्या. प्रोबायोटिक मिसळायचं ते अन्न पूर्ण थंड झाल्यावर. गरम अन्नात टाकलं तर पैसे वाया.

४. लेबलवर एक टन खाद्याला एक किलो असं लिहिलं असेल तर ५० किलोच्या पोत्याला ५० ग्रॅम बसतं. आधी दोन किलो भरड्यात नीट मिसळा, मग तो भरडा सगळ्या पोत्यात कालवा. सरळ वर भुरभुरलं तर एका डुकराला सगळं आणि दुसऱ्याला काहीच नाही, असं होतं.

५. अँटिबायोटिक चालू असताना जंतूंची पावडर देऊन उपयोग नाही, औषध त्यांनाही मारतं. यीस्टचं मात्र तसं नसतं. डॉक्टरांना विचारून क्रम ठरवा.

६. घरचं ताक पिल्लांना चालतं. जगात अनेक ठिकाणी डुकरांना चीजचं उरलेलं पाणी देतात. इटलीत पार्मा भागात तर ही जुनी पद्धत आहे. ताक हे चांगलं खाद्य आहे, पण त्यात कुठले जंतू किती हे मोजलेलं नसतं. बुरशी आलेलं, नासलेलं काही देऊ नका.

७. प्रोबायोटिक हे औषधही नाही आणि लसही नाही. स्वाइन फिव्हरची लस वेळेवर टोचायलाच हवी. २०२० मध्ये आसाम-अरुणाचलमधून भारतात शिरलेल्या आफ्रिकन स्वाइन फिव्हरवर तर कुठलीच पावडर चालत नाही. तिथं बाहेरचं जनावर, बाहेरचं मांस आणि न उकळलेलं अन्न वाड्यात येऊ न देणं एवढंच हातात आहे.

८. पहिल्या काही तासांत पिल्लाला चीक मिळणं, तिसऱ्या दिवसाच्या सुमारास लोहाचं इंजेक्शन, कोरडी आणि उबदार जागा, स्वच्छ पाणी. हे नसेल तर पुडीनं काहीही होत नाही. हगवणीत रक्त दिसलं, ताप आला किंवा पिल्लं पटापट मरायला लागली तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा.

वही आणि वजनकाटा

दुकानदार एक सांगतो, शेजारी दुसरंच सांगतो. मग ठरवायचं कसं? मेचनिकॉफ यांनी आयुष्यभर जे केलं तेच करून बघा, म्हणजे शेजारी शेजारी ठेवून तुलना. दूध तोडताना एकाच वीतीची पिल्लं सारख्या वजनाच्या दोन गटांत वाटा. दोन वेगळ्या खणांत ठेवा, एकाचं शेण-पाणी दुसऱ्यात जाऊ देऊ नका. खाद्य तेच, फक्त एका गटाला प्रोबायोटिक. पहिल्या दिवशी आणि मग दर आठवड्याला वजन करा. किती पिल्लांना हगवण लागली, किती दगावली, औषधाला किती पैसे गेले, हे वहीत लिहा. दोन-तीन वीती असं केलं की पुडीचा खर्च निघतो की नाही, ते तुमच्याच आकड्यांतून दिसेल.

तारामाशाच्या पिल्लांना काटे टोचून पहाटेपर्यंत वाट बघत बसलेला माणूस हेच करत होता. पुष्कळ ठिकाणी तो चुकला, पण समजुतीवर विसंबला नाही. वाड्यातल्या पिल्लांचा जीव आणि घरातला पैसा पणाला लागलेला असताना आपणही समजुतीवर विसंबू नये. पुडी घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण लेबल वाचून, मोजून आणि हिशेब ठेवून.